अठराव्या वाढदिवसाची अट, ईगल पद आणि उशिरा आलेली मुले

मृद्गंध (न्यू जर्सी)

नमस्कार.

अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेचे सदस्यत्व कोणाला मिळावे, आणि ते मिळाल्यावर सर्वांत वरच्या पदापर्यंतची वाट सर्वांना सारखीच असावी का, यावर आमच्या ट्रूपच्या (म्हणजे स्थानिक स्काऊट पथकाच्या) पालक समितीत गेले काही आठवडे गंभीर चर्चा सुरू आहे. ही संघटना शंभराहून अधिक वर्षे 'बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका' या नावाने ओळखली जात होती. फेब्रुवारी २०२५ पासून तिचे नाव 'स्काऊटिंग अमेरिका' झाले आहे. आमच्या भागात मुलामुलींना स्काऊटिंगमध्ये घालणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि इथल्या सभासदांपैकी काहींनी भारतात पथके चालवली आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणून हा विषय इथे मांडते.

ज्यांना इथली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हिशेब सांगते. स्काऊट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल अशी सात पदे क्रमाने मिळवायची असतात. पहिल्या चार पदांमध्ये गाठी, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र, पोहणे, शिबिरातला स्वयंपाक अशी कौशल्ये येतात आणि ती एकाच वेळी शिकता येतात. फक्त व्यायामाचा सराव आधी ३० दिवस आणि नंतर दोनदा चार-चार आठवडे, असा एकामागून एकच करावा लागतो. फर्स्ट क्लास झाल्यावर किमान ४ महिने, स्टार झाल्यावर ६ महिने आणि लाइफ झाल्यावर आणखी ६ महिने ट्रूपमध्ये सक्रिय राहून जबाबदारीचे काम सांभाळले तरच पुढचे पद मिळते. ईगलसाठी किमान २१ मेरिट बॅज (एकेका विषयातल्या अटी पूर्ण केल्यावर मिळणारे बिल्ले) लागतात, त्यांतले बहुतेक ठरवून दिलेले असतात, आणि त्याशिवाय समाजाच्या उपयोगाच्या एका प्रकल्पाचे नेतृत्व करावे लागते. हे सर्व काम अठराव्या वाढदिवसापूर्वी संपले पाहिजे. याचा अर्थ असा, की मूल कितीही मेहनती असले आणि ट्रूपने कितीही साथ दिली, तरी प्रवेशापासून ईगलपर्यंत साधारण १९ महिन्यांच्या आत कोणीही पोहोचू शकत नाही.

आमच्याकडे प्रवेशासाठी आलेली मुलगी साडेसोळा वर्षांची आहे. वडिलांच्या नोकरीमुळे हे कुटुंब नुकतेच पुण्याहून इथे आले. मुलीची इच्छा आणि तयारी दोन्ही आहेत, परंतु वरचा हिशेब मांडला की ईगलची वाट तिच्यासाठी पहिल्याच दिवशी बंद झालेली दिसते. मुदतवाढीची तरतूद नियमांत आहे, पण तिची पहिलीच अट अशी, की अर्जदाराने सर्व कामे अठरा वर्षांच्या आत पूर्ण होऊ शकतील इतक्या वेळेत प्रवेश घेतलेला असला पाहिजे. त्यानंतर गंभीर आजार किंवा कुटुंबावर कोसळलेले मोठे संकट यांसारखे, आधी कल्पना न आलेले आणि मुलाच्या हाताबाहेरचे कारण घडलेले असले पाहिजे. उशिरा प्रवेश घेणे हे कारण त्यात बसत नाही.

यापूर्वी एकदा मात्र उशिरा आलेल्यांना वेळ वाढवून दिला गेला होता, आणि आमच्या समितीतला वाद तिथूनच सुरू झाला. मुलींना कब स्काऊटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या गटात, २०१८ साली आणि ज्येष्ठ गटात १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रवेश मिळाला. त्या दिवशी सोळा पूर्ण झालेल्या, पण अठराच्या आतल्या मुलींना न्याय कसा द्यायचा, हा प्रश्न तेव्हा आला. त्या वर्षात नोंदणी करून अर्ज करणाऱ्यांना नोंदणीच्या तारखेपासून कमाल २४ महिन्यांपर्यंत मुदतवाढ देण्यात आली. एकही अट गाळली नाही, एकही बॅज कमी केला नाही, आणि नोंदणीपूर्वी अनौपचारिकपणे केलेले कोणतेही काम धरले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये जवळपास हजार मुलींच्या पहिल्या ईगल तुकडीचा गौरव झाला; त्यांतल्या मोठ्या वयाच्या मुलींना तिथवर पोहोचता आले ते या निर्णयामुळे.

माझे मत स्पष्ट आहे. काम सर्वांना सारखे असावे, त्यात रतीभरही सवलत नसावी. परंतु ते काम करायला लागणारा किमान वेळ प्रत्येक मुलाला मिळालाच पाहिजे. तसा वेळ न देता सदस्यत्व दिले, तर ते सदस्यत्व अपुरे आहे असे मला वाटते. तुमची मते जाणून घ्यायला आवडेल.

निळीशाई (टेक्सास)

मृद्गंध, हिशेब अचूक मांडला आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

२०१९ च्या मुली आणि तुमच्याकडे आलेली मुलगी यांच्यात एक मूलभूत फरक आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने शंभराहून अधिक वर्षे मुलींना स्वतःच्या नियमाने बाहेर ठेवले होते. अकराव्या वर्षी दारात उभ्या राहिलेल्या मुलीला 'तू मुलगी आहेस' असे सांगून परत पाठवले गेले, म्हणजे तिचा वेळ संघटनेनेच घेतला, आणि तो परत करणे हे संघटनेचे कर्तव्य होते. जे नुकसान आपण केले ते आपण भरून देतो, यात कोणालाही आक्षेप असू नये. कुटुंबाने देश बदलल्यामुळे झालेला उशीर संघटनेने केलेला नाही. त्याची भरपाई द्यायची ठरवली, तर शाळेतल्या खेळामुळे उशीर झालेला, पालकांना उशिरा माहिती मिळालेला, चौदाव्या वर्षी कंटाळून सोडून गेलेला आणि सोळाव्या वर्षी परत आलेला, अशा प्रत्येकाचा अर्ज तितक्याच सहानुभूतीने पाहावा लागेल. त्यांतला कोणता खरा आणि कोणता सोयीचा हे स्वयंसेवकांनी कसे ठरवायचे?

माझा मुलगा ईगल झाला आणि त्या काळात मी ट्रूपमध्ये प्रगतीच्या नोंदी ठेवण्याचे काम केले. त्यातून माझी खात्री झाली आहे की नियम ठाम असणे हेच साधनहीन मुलाचे सर्वांत मोठे संरक्षण असते. प्रगतीसंबंधीच्या अधिकृत मार्गदर्शिकेतले एक तत्त्व सर्व पालकांनी पाठ करावे असे आहे: कोणत्याही कौन्सिलला (संघटनेच्या प्रादेशिक शाखेला), जिल्ह्याला, ट्रूपला किंवा व्यक्तीला अटींमध्ये भर घालण्याचा किंवा त्यांतून काही वजा करण्याचा अधिकार नाही. हे तत्त्व दोन्ही बाजूंनी मोडले जाताना मी पाहिले आहे. काही ट्रूप 'पंधराच्या आत ईगल देत नाही' असा स्वतःचा नियम करतात, आणि तसा नियम करण्याचा त्यांना अधिकार नाही. काही ठिकाणी बोर्ड ऑफ रिव्ह्यूमध्ये बसलेली मोठी माणसे मुलाला पुन्हा गाठ बांधून दाखवायला सांगतात. वास्तविक ते मंडळ पुनर्परीक्षेसाठी नसते, मुलाचा अनुभव आणि वृत्ती जाणून घेण्यासाठी असते. उलट बाजूला असे आहे, की एका दिवसाच्या मेरिट बॅज मेळाव्यात शंभर मुले रांगेत बसवून, ज्या अटीत 'करून दाखवा' असे लिहिले आहे ती केवळ ऐकून पूर्ण झाल्याची सही दिली जाते. त्या मेळाव्यांचे शुल्क भरणे आणि दर शनिवारी गाडीने नेणे-आणणे ज्या पालकांना जमते, त्यांचीच मुले त्यात पुढे जातात. मला हा अन्याय वयोमर्यादेपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, पण त्यावर पालक समित्यांमध्ये फारसे कोणी बोलत नाही.

सह्यवारा (सातारा)

मी एका माध्यमिक शाळेत शिक्षक होतो आणि निवृत्तीपर्यंत स्काऊट पथक चालवले. अमेरिकेतली परिस्थिती मला वाचूनच माहीत आहे, म्हणून त्याबद्दल निर्णय देणार नाही. परंतु प्रश्न ओळखीचा आहे.

भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० रोजी झाली आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गर्ल गाईड्स तिच्यात सामील झाल्या. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार असा आपल्याकडचा क्रम आहे. शेवटच्या दोन टप्प्यांची चाचणी पथकाबाहेरचे परीक्षक शिबिरात घेतात. मुलाला रोज पाहणाऱ्या स्काऊटमास्तरचा लोभ किंवा राग अंतिम निकालात उतरू नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला योग्य वाटतो. निळीशाई यांनी मेळाव्यांबद्दल जे लिहिले, त्याचा आपल्याकडचा प्रकार म्हणजे सजवलेल्या लॉगबुका. चाचणी शिबिराला जाण्यापूर्वी शिक्षक आणि पालक मिळून सुंदर वह्या तयार करतात, आणि तंबूच्या दोऱ्या स्वतः ताणणारा मुलगा अक्षर चांगले नाही म्हणून मागे राहतो. बाहेरचा परीक्षक निःपक्षपाती असतो हे खरे, पण त्याला मूल दोन-चार दिवसच दिसते, म्हणून तो कागदाकडे जास्त पाहतो. दोन्ही पद्धतींत उणीव आहे. मला विचाराल तर परीक्षक बाहेरचा असावा आणि त्याने वहीऐवजी हात पाहावेत.

पण खरा अन्याय त्याच्या कितीतरी आधी होतो. आपल्याकडे पथके बहुतेक शाळांशी जोडलेली असतात. शाळेत प्रशिक्षित शिक्षक असेल, मुख्याध्यापकांना आवड असेल, तरच पथक असते. शेजारच्या गावातल्या शाळेत पथक नसेल तर तिथल्या मुलाला सोपानांची नावेही ऐकायला मिळत नाहीत. खुली पथके असतात, पण ती प्रामुख्याने शहरांत. आणि हे केवळ हौसेचे नुकसान नाही. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते, तिथे राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता मागतात. दहावीच्या परीक्षेतही सवलतीच्या गुणांचा विषय येतो. पुरस्काराला नोकरी आणि गुण जोडले गेले, की कोणत्या शाळेत पथक होते हा योगायोग मुलाच्या पुढच्या आयुष्यावर परिणाम करू लागतो.

निळीशाई म्हणतात की जो उशीर संघटनेने केला नाही त्याची भरपाई संघटनेने का द्यावी. यावर मला एवढेच म्हणायचे आहे, की पुण्याहून न्यू जर्सीला जायचे त्या मुलीने तरी कुठे ठरवले होते? मोठ्यांच्या निर्णयांचा हिशेब मुलांच्या खात्यावर लिहिला जातो, आणि नेमके तेच टाळण्यासाठी स्काऊटिंगसारखी चळवळ असावी असे मी मानत आलो.

सदस्यत्वाबद्दल एक ऐतिहासिक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. भारतात १९०९ च्या सुमारास पथके सुरू झाली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी; भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी उत्तरेत भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस यांचेही या चळवळीतले काम मोठे आहे. जिथे दार बंद होते तिथे आपल्या लोकांनी स्वतःचे घर बांधले, आणि पुढे अनेक वर्षांनी सगळे एका छपराखाली आले. इंग्लंडमध्ये १९०९ च्या क्रिस्टल पॅलेस मेळाव्याला मुली स्काऊट म्हणून आपणहून हजर झाल्या, आणि त्यानंतर १९१० मध्ये गर्ल गाईड्स ही वेगळी संघटना निघाली. म्हणजे कोणाला आत घ्यायचे हा वाद चळवळीइतकाच जुना आहे.

दीपमाळ (कॅलिफोर्निया)

माझा मुलगा स्वमग्न आहे आणि ट्रूपमध्ये आहे. 'वेळेत सूट आणि कामात सूट' हा भेद मृद्गंध यांनी केला, त्यावर मला अनुभवाने काही सांगायचे आहे.

कायमस्वरूपी आणि गंभीर अपंगत्व असलेल्या सदस्याला अठरा वर्षांनंतरही नोंदणी चालू ठेवून पदांसाठी काम करण्याची परवानगी मिळू शकते. त्यासाठी कौन्सिलकडे वैद्यकीय कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो. म्हणजे अठरा ही रेषा अढळ नाही हे संघटनेने स्वतःच मान्य केले आहे. कामाच्या बाबतीत नियम अधिक बारकाईने केलेले आहेत. फर्स्ट क्लासपर्यंतच्या पदांमध्ये जी अट मुलाला अपंगत्वामुळे पूर्ण करणे शक्यच नाही, तिच्याऐवजी तितक्याच कसोटीची दुसरी अट कौन्सिलच्या मंजुरीने घेता येते. एखादा सक्तीचा मेरिट बॅज शक्य नसेल तर त्याच्या जागी दुसरा बॅज मागता येतो. अट सोडून देता येत नाही; तिच्या जागी दुसरी, मुलाला खरोखर कष्ट पडतील अशी अट ठेवावी लागते. आणि स्टार, लाइफ, ईगल यांसाठीचे सक्रिय महिने आणि जबाबदारीचे काम यांना पर्याय नाही.

माझ्या मुलासाठी अनोळखी माणसासमोर उभे राहून बोलण्याची अट सर्वांत अवघड होती. आम्ही पर्याय मागितला नाही. त्या बॅजच्या मार्गदर्शकांनी त्याला वेळ दिला, खोली शांत ठेवली, प्रश्न आधी लिहून दिले, आणि त्याने अट जशी लिहिली आहे तशीच पूर्ण केली. त्या दिवशी कोणीतरी मायेपोटी 'राहू दे, झाले असे समजू' म्हटले असते, तर मी ते स्वीकारले नसते, आणि तो तर मुळीच स्वीकारणार नव्हता. म्हणून कामाचे मोजमाप कमी करू नये या मुद्द्यावर मी निळीशाई यांच्या बाजूची आहे, आणि वेळेच्या मुद्द्यावर मृद्गंध यांच्या.

मात्र नियमांत ही तरतूद असली तरी ती पालकांना कोणी आपणहून सांगत नाही. मला ती दुसऱ्या एका आईकडून, मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर समजली. इंग्रजीतल्या जाडजूड मार्गदर्शिका वाचण्याची सवय आणि सवड असलेल्या पालकांच्या मुलांना नियमांचा लाभ मिळतो, आणि बाकीची मुले 'याला जमणार नाही' असे समजून गळतात.

उत्तरवाट (लेस्टर)

दीपमाळ, तुमच्या मुलाबद्दल वाचून फार आनंद झाला.

ब्रिटनमध्ये काय आहे ते सांगतो, कारण त्यामुळे अठरा ही मर्यादा किती अपरिहार्य आहे हे तपासता येईल. इथले सर्वोच्च पदक, जे पूर्वी क्वीन्स स्काऊट आणि आता किंग्ज स्काऊट म्हणून ओळखले जाते, ते पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत पूर्ण करता येते. भारतातही मोठ्या मुलांचा रोव्हर आणि मोठ्या मुलींचा रेंजर विभाग पंचविशीपर्यंत चालतो आणि त्यात राष्ट्रपती पुरस्काराची वेगळी वाट आहे. त्यामुळे या पदकांचे मोल कमी झाले असे मी कोणाकडूनही ऐकलेले नाही. मुलींना इथे सर्व विभागांत १९९१ मध्ये प्रवेश खुला झाला, पण तो प्रत्येक गटाच्या इच्छेवर होता. २००७ पासून सर्व गटांना तो बंधनकारक करण्यात आला. 'इच्छेवर' असलेल्या त्या सोळा वर्षांत मुलीला प्रवेश मिळणे हे ती कोणत्या गल्लीत राहते यावर अवलंबून होते. सह्यवारा काकांनी शाळेतल्या पथकाबद्दल लिहिले ते वाचताना मला हेच आठवले.

एक मुद्दा या धाग्यात अजून आला नाही, तो श्रद्धेचा. अमेरिकेतल्या संघटनेत देवाप्रती कर्तव्य मान्य करणे ही सदस्यत्वाची अट आहे; कोणता धर्म हे ती विचारत नाही, पण मी कोणत्याच देवाला मानत नाही असे सांगणाऱ्या मुलाची तिथे अडचण होते. इथे १ जानेवारी २०१४ पासून निरीश्वरवादी मुलांसाठी प्रतिज्ञेचा पर्यायी पाठ उपलब्ध आहे. भारतातल्या प्रतिज्ञेत तर ईश्वराच्या जागी धर्म म्हणण्याची मुभा फार पूर्वीपासून आहे. सोळा-सतरा वर्षांचे विचार करणारे मूल बोर्ड ऑफ रिव्ह्यूसमोर खरे बोलले म्हणून अडचणीत यावे आणि खोटे बोलले असते तर पुढे गेले असते, अशी रचना 'स्काऊट विश्वासपात्र असतो' या पहिल्याच नियमाशी विसंगत आहे असे माझे मत आहे.

कोकणकडा (रत्नागिरी)

मी गाईड होते, नंतर रेंजर झाले, आणि आता एका शाळेत गाईड कॅप्टन आहे. मुलींच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे, गाईडच्या पथकाला स्त्री कॅप्टन लागते. ज्या शाळेत एकच शिक्षिका आहे आणि तिला प्रशिक्षणासाठी घरून बाहेर राहता येत नाही, तिथे स्काऊटचे पथक उभे राहते आणि गाईडचे राहत नाही. कागदावर मुलगे आणि मुली समान आहेत. प्रत्यक्षात मुलींची संधी एका बाईच्या घरच्या परिस्थितीवर ठरते. दुसरी गोष्ट मुक्कामाच्या शिबिराची. सोपानांमध्ये रात्रीचे शिबिर आले की घरून नकार येतो. अशा वेळी शिबिराची अट मुलींसाठी सौम्य करा अशी सूचना काही भले लोक करतात, आणि मी तिला नेहमी विरोध केला आहे. अट सौम्य केली की मुलीचे प्रमाणपत्र आयुष्यभर कमी प्रतीचे समजले जाते. मी घरोघर जाऊन आयांना भेटते, शिबिराची जागा दाखवते, पहिल्या रात्री ज्या आईला यायचे असेल तिला सोबत नेते. हे काम जास्त कष्टाचे आहे, पण त्यानंतर मुलीने तंबूत काढलेली रात्र मुलाने काढलेल्या रात्रीइतकीच मोजली जाते.

मृद्गंधताई, तुमच्या ट्रूपच्या मेरिट बॅजमध्ये शिबिराच्या रात्री किती असतात? आपल्या घरांतल्या मुलींना तिथेही हीच अडचण येते का?

मृद्गंध (न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. एकेका मुद्द्याला उत्तर देते.

कोकणकडा, कॅम्पिंगचा बॅज ईगलसाठी सक्तीचा आहे आणि त्यासाठी २० रात्री लागतात. आपल्या कुटुंबांत अडचण येते, परंतु ती शिबिरापेक्षा पोहण्याची अधिक असते. फर्स्ट क्लाससाठी १०० यार्ड पोहून दाखवावे लागते, आणि भारतातून मोठ्या वयात आलेल्या मुलांचे घोडे नेमके तिथे अडते. त्यावर उपाय अट कमी करणे हा नसून जलतरणाचे वर्ग लवकर सुरू करणे हा आहे, आणि तुम्ही आयांना भेटण्याबद्दल जे लिहिले ते मी आमच्या समितीसमोर जसेच्या तसे ठेवणार आहे. इथे मुलींचा ट्रूप वेगळा असतो, काही ठिकाणी मुलांच्या ट्रूपशी जोडलेला असतो. मुलींच्या ट्रूपबरोबर स्त्री स्वयंसेवक असावीच लागते, म्हणून तुमचा पहिला मुद्दाही इथे पूर्णपणे लागू होतो. आमच्या शेजारच्या शहरात मुलींचा ट्रूप त्याच कारणाने उभा राहू शकला नाही.

निळीशाई, नुकसान कोणी केले यावर भरपाई ठरवावी, हा तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. परंतु एक गोष्ट पाहा. दीपमाळ यांच्या मुलाला अठरानंतर वेळ मिळू शकतो, आणि त्याच्या अडचणीला संघटना जबाबदार नाही. सतराव्या वर्षी अपघात झालेल्या मुलाला मुदतवाढ मिळते, त्यालाही संघटना जबाबदार नाही. म्हणजे दोष कोणाचा हा निकष संघटनेने स्वतःच सर्वत्र लावलेला नाही. मुलाच्या हातात काय होते, हा निकष तिने लावला आहे. तोच निकष देश बदललेल्या मुलांना लावावा एवढेच माझे म्हणणे आहे. आणि अर्ज खरा की सोयीचा हे ठरवणे या बाबतीत अवघड नाही, कारण देशात आल्याची तारीख पासपोर्टवर असते.

उत्तरवाट, श्रद्धेच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत आहे. हिंदू मुलांसाठी 'धर्म' आणि 'कर्म' अशी दोन पदके इथे उपलब्ध आहेत आणि आमच्या ट्रूपमधली मुले ती आवडीने करतात, त्यामुळे आपल्या कुटुंबांना हा प्रश्न सहसा जाणवत नाही. पण जाणवत नाही म्हणून तो नाही असे होत नाही.

निळीशाई (टेक्सास)

पासपोर्टवरच्या तारखेचा मुद्दा मला मान्य आहे. तो पडताळता येतो, आणि त्यामुळे स्वयंसेवकांवर निवाड्याचा भार पडत नाही. अशी नेमकी, मोजता येणारी तरतूद राष्ट्रीय पातळीवर झाली तर माझा विरोध राहणार नाही. पण ती होईपर्यंत कोणत्याही ट्रूपने स्वतःच्या अधिकारात काही करू नये. मुलीला 'पाहू, काहीतरी होईल' असे सांगून दोन वर्षे आशेवर ठेवणे हे नियमापेक्षा अधिक क्रूर ठरेल.

तिच्यापुढे इतर पर्याय आहेत, ते तिला आजच सांगा. चौदा ते वीस वयोगटासाठी याच संघटनेचा व्हेंचरिंग हा विभाग आहे, त्यात मुले-मुली एकत्र असतात, आणि त्याचे सर्वोच्च समिट पदक एकविसाव्या वाढदिवसापर्यंत मिळवता येते. जुलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये सव्हाना इथे सुरू केलेली गर्ल स्काऊट्स ही संघटना पूर्णपणे वेगळी आहे, आणि तिचे गोल्ड अवॉर्ड नववी ते बारावीच्या मुलींसाठी असते. त्यात दीर्घकाळ टिकणाऱ्या सामाजिक प्रकल्पाची अपेक्षा फार कसून तपासली जाते. लष्करात भरती होताना ईगलला जशी वरच्या वेतनश्रेणीची सवलत मिळते तशी गोल्ड अवॉर्डलाही मिळते. विद्यापीठांच्या अर्जात ईगलचे नाव अधिक ओळखीचे आहे हे मात्र खरे, आणि मुलींनी २०१९ पूर्वीही तेच पद मागितले यामागे हे एक कारण होते.

सह्यवारा (सातारा)

पर्याय सांगावेत, पण ते सांत्वन म्हणून सांगू नयेत. आणि ईगल मिळणार नसेल तरी तिला ट्रूपमध्ये घ्यावे असे मी आग्रहाने सुचवतो. माझ्या पथकातली अनेक मुले तृतीय सोपानाच्या पुढे गेली नाहीत, पण पुराच्या वेळी गावात सर्वांत आधी तीच कामाला लागली. दीड वर्षात ती मुलगी फर्स्ट क्लास, स्टार आणि कदाचित लाइफपर्यंत पोहोचू शकते ना?

मृद्गंध (न्यू जर्सी)

पोहोचू शकते, काका. प्रवेश या महिन्यात झाला तर लाइफपर्यंत निश्चित वेळ आहे. केवळ शेवटचे ६ महिने पूर्ण होत नाहीत, साधारण महिनाभर कमी पडतो. स्टार आणि लाइफसाठी जबाबदारीच्या पदाऐवजी ट्रूपच्या प्रमुखांनी नेमून दिलेला नेतृत्व प्रकल्पही चालतो, त्यामुळे नव्याने आलेल्या मुलीला निवडणुकीची वाट पाहावी लागणार नाही.

काल समितीच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. मुलीला आणि तिच्या आईवडिलांना समोर बसवून हे सर्व महिने कॅलेंडरवर दाखवायचे, ईगल शक्य नाही हे स्पष्ट शब्दांत सांगायचे, आणि व्हेंचरिंग व गोल्ड अवॉर्ड यांची माहिती त्याच बैठकीत द्यायची. निर्णय तिने घ्यायचा. देश बदलून आलेल्या मुलांसाठी प्रवेशाच्या तारखेपासून २४ महिने मिळावेत, अटींमध्ये कोणताही बदल न करता, असा प्रस्ताव कौन्सिलमार्फत राष्ट्रीय कार्यालयाकडे पाठवायचा. आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळासाठी एक पानभर मराठी माहितीपत्रक तयार करायचे, ज्यात प्रवेशाचे वय, १९ महिन्यांचा हिशेब, पोहण्याची अट आणि दीपमाळ यांनी सांगितलेली अपंगत्वासंबंधीची तरतूद ठळकपणे असेल, म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुलांच्या पालकांना ते वेळेत कळेल.

माहितीपत्रकाचा मसुदा दोन-तीन दिवसांत याच धाग्यावर टाकते. दीपमाळ, अर्जासोबत लागणाऱ्या वैद्यकीय कागदपत्रांचा परिच्छेद तुम्ही तपासून दिलात तर बरे होईल. निळीशाई, अटींचे आकडे तुम्ही पाहा.

दीपमाळ (कॅलिफोर्निया)

अवश्य पाहते. मूल ट्रूपमध्ये आल्यापासूनच्या नोंदी जपून ठेवाव्यात, कारण अर्जाच्या वेळी त्या मागितल्या जातात, हेही त्यात घाला. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या नोंदी नव्हत्या आणि त्या मिळवण्यात बराच काळ गेला.